मुठीतला पुरावा

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसल्यांचे नाव असलेली तलवार विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यात सगळा भर पात्यावर आणि पात्यावरच्या देवनागरी अक्षरांवर होता. जाणकारांनी सांगितलेली दुसरी गोष्ट त्या गडबडीत मागे पडली. पाते युरोपीय घडणीचे आहे, मूठ मात्र इकडची. अशा शस्त्राला आपल्याकडे फिरंग म्हणत. समुद्रापलीकडून आलेले चांगले पाते घ्यायचे आणि त्याला आपल्या हाताला रुळलेली मूठ बसवायची, ही दख्खनमधली जुनी चाल होती.

म्हणजे पाते प्रवासी आणि मूठ स्थानिक. शस्त्र कोणाच्या हातात होते, त्या हाताला काय परवडत होते, त्याच्या गावात कोणता माल कुठून येत होता, या प्रश्नांची उत्तरे पात्यापेक्षा मुठीत अधिक सापडतात. लांब तलवारीपेक्षा कमरेला खोचायच्या आखूड शस्त्राला, म्हणजे खंजीर, पेशकब्ज किंवा जंबिया यांना, हे आणखी लागू पडते. तलवारीची मूठ बहुधा पोलादी असते. खंजिराची मूठ मात्र अनेकदा दाताची, शिंगाची, हाडाची, लाकडाची किंवा दगडाची असते. हे पदार्थ कधीतरी जिवंत प्राण्याचा किंवा झाडाचा भाग होते, आणि पोलादाचे नियम त्यांना लागू होत नाहीत. पाते गंजले तर मेहनतीने काही प्रमाणात सावरता येते. तडकलेला हस्तिदंत पुन्हा सांधत नाही.

जुन्या घरांत अशी एखादी वस्तू असते. आजोबांच्या पेटीत, देवघराच्या फळीवर, हॉलच्या भिंतीवर. तिची निगा घेणारेही असतात, पण ती निगा पात्याची असते. पुष्कळदा पात्याला मानवणारी गोष्टच मुठीचा घात करते. म्हणून आधी मूठ कशाची आहे ते ओळखावे आणि मगच तिला हात लावावा. या लेखात ओळखण्याच्या खुणा आणि जपण्याची रीत, दोन्ही त्याच क्रमाने मांडली आहेत.

कोणत्या शस्त्राला कोणती मूठ

मराठी वाचकाला कट्यार म्हटले की १९६७ साली रंगभूमीवर आलेले नाटक आठवते. पण प्रत्यक्षातल्या कट्यारीत आपल्या कामाचे फारसे काही नसते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये मुठीत धरायचे दोन आडवे दांडे, अशी तिची रचना असते आणि ती बहुतेक वेळा सगळीच्या सगळी लोखंडाची. बिचव्याची मूठही धातूची, बोटे आत घालायच्या कड्यासारखी. दख्खनी चिलानमही बहुधा एकसंध पोलादाचा. तेव्हा घरातले शस्त्र यांपैकी असेल, तर मुठीच्या पदार्थाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो तो इतर तीन-चार प्रकारांत. वक्र पात्याचा आणि वाकवलेल्या किंवा घोड्याच्या तोंडासारख्या मुठीचा मुघली खंजीर. चिलखत भेदण्यासाठी पाठ जाड ठेवलेला पेशकब्ज. सरळ, सुरीसारखा कार्द. आणि अरबी जंबिया. हा शेवटचा प्रकार महाराष्ट्रात परका नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठा सरदारांच्या फौजांत अरब शिपाई मोठ्या संख्येने होते. १८१८ च्या उन्हाळ्यात मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरब शिबंदीनेच. अशा माणसांबरोबर त्यांची शस्त्रेही इथे आली, काही इथेच राहिली.

या शस्त्रांच्या मुठी बसवण्याच्या दोन रीती आहेत आणि जपणुकीच्या दृष्टीने त्या आधी पाहिल्या पाहिजेत. पहिल्या रीतीत मूठ एकसंध असते. तिला आतून भोक पाडतात, पात्याची निमुळती शेपटी त्यात घालतात आणि पोकळी लाखेने भरतात. लाखेत बऱ्याचदा विटेची पूड मिसळलेली असते. दुसऱ्या रीतीत पात्याची शेपटी रुंद आणि चपटी असते. तिच्या दोन्ही अंगांना दोन फाका बसवून आरपार खिळ्यांनी जखडतात. फाकांच्या मुठीत कडेने लोखंडाची पट्टी दिसते, एकसंध मुठीत दिसत नाही. पहिल्या मुठीचा शत्रू उष्णता, कारण तिने लाख मऊ होते. दुसरीचा शत्रू गंज, कारण गंजताना लोखंड फुगते आणि वरच्या फाकेला आतून रेटते. फाकेवर खिळ्यापासून निघालेली तड दिसली की कारण बहुधा हेच असते.

शिंग म्हणजे नेमके काय

आपल्या भाषेत म्हशीच्या डोक्यावरही शिंग आणि सांबराच्या डोक्यावरही शिंगच. मुठीची ओळख पटवताना हा एकच शब्द घोटाळा करतो, कारण हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

म्हैस, गवा, बकरा यांचे शिंग केराटिनचे असते. आपली नखे आणि केस ज्या पदार्थाचे, तोच हा. हाडाच्या खुंटावर चढलेली ती पोकळ टोपी असते. फक्त टोकाकडचा भाग भरीव असतो आणि भरीव मुठीसाठी तोच कापतात. हे शिंग थरांनी वाढते. बाजूने निरखले तर एकावर एक चढलेले पदर दिसतात, आणि जुनी मूठ फुटते तीही पदर सुटून. पातळ कडेमागे दिवा धरला की काळ्या शिंगातही मधासारखा तपकिरी उजेड झिरपताना दिसतो. कोकणाला हा पदार्थ नवा नाही. विजयदुर्ग परिसरातल्या शिंगकामाची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही आहे.

सांबराचे किंवा चितळाचे शिंग मात्र हाड असते. ते दरवर्षी गळते आणि पुन्हा उगवते. बाहेरून खडबडीत, उभ्या खाचांचे, आणि मध्यभागी स्पंजासारखे सच्छिद्र. ही खडबडीत साल पकडीला चांगली म्हणून शिकारी सुऱ्यांना ती तशीच ठेवत. मुठीच्या टोकाला सच्छिद्र गाभा दिसला तर ते सांबरशिंग समजावे. त्यातून दिव्याचा उजेड झिरपत नाही.

तिसरे शिंग गेंड्याचे. तेही केराटिनचेच, पण त्याला हाडाचा खुंट नसतो आणि पदरही नसतात. बारीक नळ्या एकमेकींना चिकटून त्याचा गठ्ठा झालेला असतो. आडवा काप पाहिला तर केरसुणीच्या काड्यांची घट्ट जुडी धारदार सुरीने कापल्यासारखे ठिपके दिसतात, आणि उभ्या अंगाला त्याच काड्यांच्या समांतर रेघा. घासून घासून जुनी झालेली अशी मूठ कडेला अर्धपारदर्शक, मधाळ होते.

या तिसऱ्या शिंगाची किंमत एका प्राण्याने मोजली. येमेनमध्ये जंबिया हा पुरुषाच्या प्रतिष्ठेचा भाग आणि गेंड्याच्या शिंगाची मूठ ही त्या प्रतिष्ठेची परमावधी. १९७० नंतर आखाती देशांत कामाला गेलेल्या येमेनींच्या हाती पैसा आला, आणि पूर्वी मोजक्या घराण्यांना परवडणारी मूठ अनेकांना परवडू लागली. उत्तर येमेनने १९८२ मध्ये गेंड्याच्या शिंगाच्या आयातीवर बंदी घातली. आफ्रिकेतले काळे गेंडे १९७० च्या सुमारास ६५,००० च्या आसपास होते, ते १९९५ पर्यंत २,५०० च्याही खाली आले. पूर्व आशियातली औषधांची मागणी हे त्यामागचे दुसरे मोठे कारण होते. पण मुठीसाठी गेंडे मारले गेले हेही तितकेच खरे. घरातली जंबियाची मूठ निरखताना हा इतिहास ठाऊक असावा.

दात, हाड आणि नक्कल

पांढऱ्या मुठीला सरसकट हस्तिदंती म्हणण्याची आपल्याला सवय आहे. त्यातल्या कितीतरी हाडाच्या असतात आणि अलीकडच्या काळातल्या पुष्कळशा राळेच्या.

हाडाची खूण सोपी आहे. हाड जिवंत असताना त्यातून रक्तवाहिन्या जातात. त्यांच्या नलिका पुढे मळाने भरतात आणि काळसर दिसतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आडव्या कापावर बारीक ठिपके आणि उभ्या अंगावर तुटक रेघोट्या दिसल्या की ते हाड. हस्तिदंतात या नलिका नसतात, म्हणून तो सलग आणि गुळगुळीत भासतो. आज बाजारात जुन्या म्हणून खपवल्या जाणाऱ्या कितीतरी खंजिरांना उंटाच्या हाडाच्या, चहाच्या पाण्यात रंगवलेल्या मुठी असतात.

हत्तीच्या दाताची खात्रीची खूण म्हणजे त्याच्या आडव्या कापावर दिसणारी, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी. जर्मन शरीरशास्त्रज्ञ श्रेगर यांनी १८०० मध्ये तिचे वर्णन केले म्हणून तिला श्रेगर रेषा म्हणतात. दाताच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषा ज्या कोनात छेदतात तो मोजला, तर आजच्या हत्तींत तो सहसा ११५ अंशांहून मोठा येतो आणि नामशेष मॅमथमध्ये ९० अंशांहून लहान. मधल्या कोनांवरून निकाल देऊ नये. आतल्या भागातले कोनही धरू नयेत, कारण ते मॅमथ आणि हत्ती दोघांत सारखेच फसवे असतात.

पण मुठीवर आडवा काप असतो कुठे? एकसंध मुठीत तो फक्त शेंड्याला सापडतो. फाकांच्या मुठीत दात उभा चिरलेला असतो, तेव्हा जाळी दिसतच नाही. दिसतात त्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, किंचित लहरत्या फिक्या-गडद पट्ट्या. त्या लहरत्या असणे महत्त्वाचे. १८७० नंतर बाजारात आलेल्या सेल्युलॉइडच्या नकली हस्तिदंतातही पट्ट्या घालत, पण त्या यंत्राने आखल्यासारख्या सरळ आणि समान अंतराच्या असतात. सेल्युलॉइडचा आणखी एक धोका आहे. ते काळाने आपोआप विघटित होते आणि त्यातून निघणारी आम्लवाफ शेजारचे पोलाद खाते. मुठीजवळचेच पाते विनाकारण गंजते आहे आणि मुठीला कापरासारखा वास येतो आहे असे दिसले, तर ती वस्तू इतरांपासून लगेच वेगळी ठेवावी आणि उष्णतेपासून दूर ठेवावी, कारण हा पदार्थ चटकन पेट घेतो.

अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाची लहान बॅटरी धरली तर दात आणि हाड निळसर पांढरे चमकतात. जुन्या, पिवळ्या पडलेल्या पृष्ठभागावर ती चमक पिवळसर होते. राळेच्या नकला अनेकदा वेगळ्याच रंगात दिसतात किंवा मंद राहतात. ही परीक्षा निर्दोष आहे म्हणून करावी, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये. ती दात आणि हाड यांत फरक करत नाही.

मासळीचा दात

या सगळ्यांत मुघल दरबाराने सर्वांत मोलाचा मानलेला पदार्थ उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातला आहे. वॉलरसचे सुळे रशियामार्गे इराण आणि मध्य आशियात आणि तिथून हिंदुस्थानात येत. फारसीत त्याला ‘दंदान-ए-माही’, म्हणजे मासळीचा दात म्हणत. कारण तो प्राणी इथे कोणी पाहिलाच नव्हता. जहांगीर बादशहाला त्याचे इतके वेड होते की चांगले तुकडे मिळवण्यासाठी त्याने माणसे पाठवली. हाती आलेल्या नक्षीदार तुकड्यातून खंजिराच्या मुठी घडवण्याचे काम त्याने पूरण आणि कल्याण या कारागिरांना दिले, हेही त्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. बादशहाच्या आत्मवृत्तात मूठ घडवणाऱ्यांची नावे येतात, यावरून त्या काळी मुठीला काय मोल होते ते कळते.

त्याची खूणही नाव ठेवण्यासारखी आहे. वॉलरसच्या सुळ्याची बाहेरची कड सलग पांढरी असते, पण गाभा साबुदाण्याची खीर थिजल्यासारखा, दाणेदार आणि अर्धपारदर्शक दिसतो. दरबारी कारागीर हा गाभा मुद्दाम दर्शनी बाजूला आणत, कारण त्याच्या ढगाळ नक्षीलाच किंमत होती. आज हीच नक्षी पाहून काही लोक मूठ खराब झाली, आतून सडली असे समजतात आणि ती घासायला घेतात.

यशब, म्हणजे जेड, हा दगड असला तरी त्याचा उल्लेख इथे हवा. हिरवट-पांढऱ्या, गार लागणाऱ्या मुठी पुष्कळदा त्याच्या असतात. खोतानकडून येणारा हा दगड पोलादी सुरीने सहसा ओरखडत नाही, पण ही परीक्षा घरी करू नये. त्याला रसायनांची आणि दमटपणाची फारशी भीती नाही. भीती पडण्याची. आतल्या लाखेने धरलेली मूठ सैल झाली की पात्याच्या वजनाने ती निसटते आणि फरशीवर तिचे तुकडे होतात.

ज्या परीक्षा करू नयेत

जुन्या वस्तूंच्या बाजारात काही परीक्षा वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. तापवलेली सुई टोचायची आणि वास घ्यायचा. केस जळाल्याचा आला तर शिंग, दाढ कोरताना येतो तसा आला तर दात, प्लास्टिकचा आला तर नक्कल. दुसरी, दाताने चावून पाहणे. तिसरी, नख किंवा सुरी ओढणे. चौथी, पाण्यात बुडवून पाहणे. या सगळ्या परीक्षांत उत्तर मिळते ते वस्तूचा थोडा भाग नष्ट करून. हस्तिदंतावरचा सुईचा काळा डाग कायमचा असतो. शिवाय जे भिंगाने आणि तिरप्या उजेडाने कळते त्यासाठी सुई लागतच नाही.

खरोखरच शंका राहिली तर पुढचे काम प्रयोगशाळेचे. अवरक्त किरणांच्या वर्णपटावरून दात, केराटिन आणि राळ वेगळे सांगता येतात. प्राण्याची जात ठरवायची असेल तर डीएनए तपासतात. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादच्या सीसीएमबीची वन्यजीव प्रयोगशाळा हे काम करतात. वस्तूच्या जतनासंबंधी सल्ल्यासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे आणि लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे.

गाढीकाठची हवा

पदार्थ ओळखला की पुढचा प्रश्न तो कुठे राहतो हा. पनवेलजवळच्या विचुंब्याचे उदाहरण घेऊ. पनवेलची खाडी एके काळी मुंबई आणि देश यांना जोडत होती. मुंबईचा माल गलबतांनी पनवेलला उतरे आणि घाट चढून पुण्याकडे जाई. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाल्यावर ही वर्दळ आणखी वाढली. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत मुंबई बंदरात मोठ्या प्रमाणावर येत होता. तेव्हा या पट्ट्यातल्या घरांत दूरदेशीच्या पदार्थांची एखादी वस्तू सापडली तर नवल नाही.

नवल वाटावे ते अशी वस्तू टिकण्याचे. गाढी नदीच्या काठी असलेल्या विचुंब्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ती निम्म्याच्या खाली येते. हस्तिदंताचा सुमारे एक-तृतीयांश भाग कोलॅजन या सेंद्रिय पदार्थाचा असतो. तो ओल शोषून फुगतो, कोरडा पडून आकसतो, आणि सर्व दिशांना सारखा नाही. आतली पोलादी शेपटी मात्र जागची हलत नाही. या ओढाताणीतून मूठ लांबीला तडकते.

पूर्वीच्या मातीच्या भिंती आणि कौले ओल हळूहळू शोषत आणि हळूहळू सोडत. आता गावाभोवती इमारती उभ्या राहिल्या, शेतघरांच्या जागी काँक्रीटची घरे आली. भिंतीवर लावलेला खंजीर रात्री वातानुकूलित खोलीच्या कोरड्या हवेत आणि दिवसा उघड्या खिडकीच्या दमट हवेत राहतो. पूर्वी ऋतूंच्या गतीने होणारा बदल आता चोवीस तासांत होतो. मुठीला आर्द्रता किती यापेक्षा ती किती वेगाने बदलते याचा त्रास अधिक होतो.

एकाच वस्तूत दोन स्वभाव आहेत हीही अडचण आहे. पोलादाला जितकी कोरडी हवा मिळेल तितकी चांगली. दात, शिंग आणि लाकूड यांना साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यामुळे बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या भरभरून टाकून डबा बंद केला, तर पाते वाचते आणि मूठ तडकते. घरी साधता येण्यासारखा मध्यम मार्ग असा. वस्तू सुती, न रंगवलेल्या, धुऊन खळ काढलेल्या कापडात सैल गुंडाळावी. ती लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवावी. पेटी कपाटाच्या मधल्या खणात, बाहेरच्या भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर असावी. शेजारी एक साधा आर्द्रतामापक ठेवावा. पेटीत पेटी, कापडात कापड यांमुळे बाहेरचा बदल आत पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळच मुठीला वाचवतो.

रबरबँड, वर्तमानपत्र, रंगीत मखमल आणि फोम वापरू नये. रबरातल्या गंधकाने आणि कापडाच्या कच्च्या रंगाने हस्तिदंतावर डाग पडतात. चामड्याच्या म्यानात पाते कायम ठेवू नये, कारण चामड्यातली आम्ले आणि ओल ते गंजवतात. पाते आणि म्यान वेगवेगळी, पण एकाच पेटीत ठेवावीत. शिंगाला कसर लागते, कारण लोकर खाणाऱ्या अळ्यांना केराटिन कुठलेही चालते. डांबरगोळ्यांपेक्षा दर दोन महिन्यांनी उघडून पाहणे बरे. मुठीखाली बारीक भुकटी किंवा नखाने कुरतडल्यासारखे खळगे दिसले की वस्तू वेगळी करून जाणकाराला दाखवावी.

खंडेनवमीची धास्ती

नवरात्राच्या नवमीला, खंडेनवमीला, घराघरांतली शस्त्रे खाली उतरतात. चिंच, लिंबू, राख किंवा पितळ उजळायच्या भुकटीने ती घासली जातात, धुऊन उन्हात ठेवली जातात, वर तेलाचा हात फिरतो, मग हळदकुंकू आणि झेंडू. शस्त्राविषयीची ही आस्थाच आजवर ती वस्तू घरात टिकण्याचे कारण आहे. पण त्यातली प्रत्येक पायरी लोखंडासाठी ठरलेली आहे.

चिंच आणि लिंबू यांचे आम्ल दात, हाड आणि शिंपल्यातली खनिजे विरघळवते. पृष्ठभागाची झळाळी जाते आणि श्रेगर रेषांसारख्या ओळखीच्या खुणाही पुसट होतात. धुतलेले पाणी मुठीच्या सांध्यातून आत शिरते, शेपटी गंजते आणि वर्षा-दोन वर्षांनी फाक उचलली जाते. आश्विनातले ऊन ओली मूठ झटकन सुकवते म्हणून ती तडकते, आणि पाते तापले की आतली लाख मऊ होऊन मूठ हलू लागते. तेल दात-शिंगात मुरते, काळपट होते, धूळ धरते. पितळी किंवा तांब्याच्या खिळ्यांभोवती तेलातल्या मेदाम्लाने हिरवा चिकट थर चढतो. कुंकू हस्तिदंताच्या सूक्ष्म रंध्रांत गेले की निघत नाही.

यासाठी पूजा सोडायचे कारण नाही. देवाच्या ठिकाणी सुपारी मांडून पूजा करण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. शस्त्र कोरड्या कापडावर पाटावर ठेवावे, समोर सुपारी मांडावी, हळदकुंकू, पाणी आणि फुले सुपारीला वाहावीत, अक्षता शस्त्रापुढे ठेवाव्यात. पात्याला हात लावायचा तर कापडी किंवा नायट्राइलच्या हातमोज्यांनी. पाते कोरड्या मऊ कापडाने पुसावे. त्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात चालतो, पण तो मुठीपाशी थांबवावा. मुठीला फक्त मऊ, कोरडा ब्रश.

जुनी मूठ पिवळी दिसते म्हणून ती पांढरी करण्याचा मोहही आवरावा. हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात फिकटतो. तो रंग आणि हाताळून आलेली झिलई हा त्याच्या वयाचा भाग आहे. अंगठा जिथे टेकत होता तिथला खोलगट भाग, बोटांच्या घामाने गडद झालेली बाजू यांवरून धरणारा उजवा होता की डावखुरा, शस्त्र रोज वापरात होते की मिरवायचे होते, हे सांगता येते. मूठ सैल झाली असेल तर झटपट चिकटणारा गोंद किंवा इपॉक्सी भरू नये. जुनी लाख उष्णतेने किंवा स्पिरिटने मऊ करून जाणकार मूठ पुन्हा बसवू शकतो. इपॉक्सी निघत नाही, आणि पुढच्या तड्याला तीच कारण होते.

कायद्याची बाजू

हस्तिदंत किंवा गेंड्याचे शिंग घरात असणे ही केवळ जतनाची बाब राहिलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतालाही तीच बंदी लागू झाली. जगाच्या पातळीवर आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावरची बंदी १९८९ मध्ये ठरली. अशा वस्तूंसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा मालकीचा दाखला लागतो. २००३ मध्ये त्या जाहीर करण्याची संधी देण्यात आली होती. वस्तू वारसाने पुढच्या पिढीकडे जाऊ शकते, विकता येत नाही. सांबरशिंगालाही वन्यजीव कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. दाखला नसेल तर वनखात्याकडे जाऊन लेखी माहिती घेणे हाच सरळ मार्ग आहे.

या कायद्यांमागे मारले गेलेले हत्ती आणि गेंडे आहेत, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण त्यांच्या सावलीत एक वेगळेच नुकसान होऊ शकते. हस्तिदंती मूठ विक्रीच्या आड येते म्हणून ती काढून टाकायची आणि त्याच पात्याला राळेची नाहीतर उंटाच्या हाडाची मूठ बसवायची, हा मोह होतो. त्यातून हत्ती परत येत नाही, आणि शस्त्राचा जो भाग त्याच्या गावाविषयी, काळाविषयी आणि धरणाऱ्याविषयी बोलत होता तो मात्र जातो. उरते ते कुठेही घडलेले एक पाते.

यावर घरच्या घरी करता येण्यासारखा उपाय म्हणजे नोंद. वहीचे एक पान पुरते. शस्त्राची एकूण लांबी आणि मुठीची वेगळी लांबी. मूठ एकसंध की फाकांची. भिंगातून काय दिसले: जाळी, ठिपके, पदर, काड्यांची जुडी की साबुदाण्यासारखा गाभा. तडे आणि डाग कुठे, कोणत्या वर्षी दिसले. वस्तू घरात कोणाकडून आली, त्याविषयी घरात काय सांगतात आणि ते कोणी सांगितले. सोबत दिवसाउजेडी चार बाजूंनी आणि शेंड्याकडून काढलेली छायाचित्रे, बाजूला मोजपट्टी ठेवून. हे पान पेटीतच ठेवावे. पुढे ती वस्तू भावंडांपैकी कोणाकडे गेली किंवा संग्रहालयाला दिली गेली, तर पान तिच्याबरोबर जाते आणि घेणाऱ्याला सुई तापवावी लागत नाही.